समुद्र नसलेला गोवा

गोव्यात आमचं घर आहे असं कळलं की मंडळातली मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, "काकू, बीच किती लांब आहे?" साखळीहून कळंगुटचा किनारा गाठायला तासाभराच्या वर लागतो. आमच्या भागातली कितीतरी म्हातारी माणसं मला माहीत आहेत, जी केवळ समुद्र बघायला म्हणून आयुष्यात दोन-चारदाच गेली असतील. दुसरा प्रश्न असतो तो गावाच्या नावाचा. "साखळी? की सांगली?" साखळीच. जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगमुळे नकाशावर ते 'सांकेलिम'सारखं काहीतरी वाचलं जातं आणि गोंधळात भर पडते.

लग्न होऊन मी या भागात आले तेव्हा माझ्याही डोक्यातला गोवा सिनेमातलाच होता. अकरा वर्षं तिथे राहिले आणि आता दरवर्षी चवथीला जाते. त्यामुळे हे प्रवासवर्णन कमी आणि तिथे माणसं कशी राहतात याची हकीकत जास्त आहे. ज्यांना फक्त कुठे उतरायचं आणि काय खायचं एवढंच हवं असेल, त्यांनी थेट शेवटाकडे जावं, मी रागावणार नाही.

साखळी हे डिचोली तालुक्यातलं वाळवंटी नदीकाठचं छोटं शहर. पणजीपासून सुमारे ३५ किलोमीटर आत. इथून एक रस्ता केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला जातो, एक वाळपईकडे सत्तरीच्या जंगलात शिरतो आणि डिचोलीवरून पुढे गेलात तर दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्रच लागतो. म्हणून साखळी ही पहिल्यापासून बाजारपेठ. सोमवारी इथला आठवड्याचा बाजार. घाटावरून आलेली भाजी, सत्तरीतली केळी आणि सुपारी, सुकी मासळी, कोयते, सुपं, मिरच्या, सगळं तिथे. पावसाळ्याआधीच्या सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते, कारण तेव्हा घरोघरी 'पुरुमेंत' चालू असतं, म्हणजे चार महिन्यांची बेगमी.

२०११च्या जनगणनेत गोव्यातले ६२ टक्के लोक शहरी मोजले गेले, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पण आकड्यातला शहरी माणूस आणि प्रत्यक्षातला माणूस यांत फरक असतो. साखळीत नगरपालिका आहे, रवींद्र भवन आहे, सरकारी कॉलेज आहे आणि बाजारापासून दहा मिनिटं चाललात की भातशेती आहे. अख्ख्या डिचोली तालुक्याची लोकसंख्या तेव्हा एक लाखाच्या आतच होती. गोव्याचे सध्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळी मतदारसंघाचेच, त्यामुळे अलीकडे रस्ते रुंद झाले, इमारती उभ्या राहिल्या. पण डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवरचं आयुष्य अजूनही पाणी, जमीन आणि खाण या तीन गोष्टींभोवतीच फिरतं.

त्याआधी थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय इथली भाषा कळणार नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतले. डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता आणि तो पोर्तुगिजांच्या हाती गेला अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस-बावीस वर्षांत. या भागाला 'नव्या काबिजादी' म्हणतात. धर्मांतराची मोठी लाट तोवर ओसरली होती. म्हणून इकडे देवळं जागच्या जागी राहिली. उलट जुन्या काबिजादीतले देव नदी ओलांडून इकडे आले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. सत्ता पोर्तुगिजांची झाली तरी हा मुलूख शांत बसला नाही. सत्तरीच्या राण्यांनी एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा बंड केलं. १८५२मधलं दीपाजी राण्यांचं बंड त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. साखळीतल्या विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिराचा संबंधही याच राणे घराण्याशी आहे.

आता भाषा. माझ्या सासरी बोलतात कोकणी आणि वाचतात मराठी. सासूबाई मुलांना "उदक हाड" म्हणायच्या आणि दुपारी जेवणं झाल्यावर मराठी पोथी लावायच्या. भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, सकाळचं वर्तमानपत्र मराठी, लग्नपत्रिकाही मराठीच. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. त्याआधी या विषयावर गोव्यात रस्त्यावर भांडणं झाली आहेत, आजही चहाच्या टपरीवर होतात. मला त्यात पडायचं नाही. मात्र एका घरात दोन भाषा भांडण न करता नांदू शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या घरातली पुढची पिढी तिसऱ्याच भाषेत शिकते आहे, ही खरी अडचण. दयानंद बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या कित्येक आता पटसंख्येअभावी बंद तरी पडल्या आहेत किंवा दोन-चार मुलांवर चालल्या आहेत.

सकाळ होते ती पदेराच्या भोंग्याने. सायकलच्या मागे टोपली, टोपलीत गरम पाव आणि उंडे. मग नळाला पाणी आलं का याची चौकशी. त्यानंतर बस. नोकरीवाले पणजी, म्हापसा किंवा औद्योगिक वसाहतींकडे निघतात. शेवटची बस चुकली तर काय, हा प्रश्न इथे अजून शिल्लक आहे, त्यामुळे ऐपत असो वा नसो, प्रत्येक घरात एक दुचाकी असतेच. साधा ताप असेल तर साखळीत भागतं. मोठं दुखणं म्हणजे बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज, किंवा घाट चढून बेळगाव. हातात पैसे येतात ते तुकड्या-तुकड्यांनी. काजूचा हंगाम, थोडी सुपारी, म्हातारीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची दरमहा २००० रुपयांची पेन्शन, घरच्या बाईला गृहआधारचे १५०० रुपये. शहरात बसून याला 'फुकटचे पैसे' म्हणणारे भेटतात. माझी शेजारीण त्या १५००तून गॅसचा सिलिंडर आणि मुलीच्या बसचा पास भागवायची. ती रक्कम महिनाभर उशिरा आली की तिचं गणित कोलमडायचं.

शेती म्हणाल तर पावसाळ्यातलं 'सरद' आणि पाणी असेल तिथे उन्हाळ्यातलं 'वायंगण', अशी भाताची दोन पिकं. झऱ्याकाठी कुळागरं, म्हणजे सुपारी, नारळ, केळी, मिरी, सगळं एकाच सावलीत. मी पहिल्यांदा कुळागरात शिरले तेव्हा बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि आत माठातल्यासारखा गारवा. पण कुळागर टिकतं झऱ्यावर, आणि इथेच खाणीचा विषय येतो.

डिचोली-सत्तरीच्या डोंगरांत लोहखनिज आहे. पोर्तुगीज काळाच्या शेवटी खाणी सुरू झाल्या, त्यामुळे तीन पिढ्यांना तो लाल रंग ओळखीचा. डोंगर फोडायचा, माती बाजूला टाकायची, खनिज ट्रकने मांडवीकाठच्या धक्क्यांवर न्यायचं, तिथून बार्जने मुरगाव बंदर आणि पुढे जहाज. २००० सालानंतर चीनला इतकं लोखंड हवं झालं की पूर्वी टाकून दिलेलं हलक्या प्रतीचं खनिजही विकलं जाऊ लागलं. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं.

माझ्या धाकट्या दिरांनी २००८ साली कर्ज काढून टिप्पर घेतला. वाडीवर तो नववा ट्रक. शेतीत वर्षभर राबून जे मिळत नव्हतं ते दोन महिन्यांत मिळू लागलं. घराला स्लॅब पडला, जावेच्या हातात बांगड्या आल्या, पुतणी इंग्रजी शाळेत गेली. रस्त्यावर ट्रकला ट्रक लागलेले असायचे. रस्ता ओलांडायला पोरांना मोठ्या माणसाचा हात धरावा लागे. तुळशीची पानं हिरवी दिसायची ती फक्त पावसाळ्यात. मी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढून पुन्हा धुवायची. खालच्या शेतात पावसाबरोबर खाणीची माती उतरली आणि दोन वर्षं तिथे रोप लागलं नाही. सासरे त्या शेताच्या बांधावर उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलणार तरी कोणाला? शेत बुडवणारी माती आणि ट्रकचा हप्ता फेडणारी माती एकाच डोंगरातून येत होती. घर एक, ताट एक.

सप्टेंबर २०१२मध्ये शाह आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. त्या वर्षी चवथ बंदीनंतर लगेचच आली. रस्ता इतका शांत की रात्री नदीचा आवाज ऐकू यायचा. मला तो आवाज आवडला हे मी जावेला सांगितलं नाही, कारण तिच्या घरात हप्त्याची नोटीस येऊन पडली होती. गॅरेजवाले, टायरवाले, ड्रायव्हरांना जेवण घालणाऱ्या बायकांच्या खानावळी, सगळं एका झटक्यात बसलं. सरकारने ट्रकवाल्यांना मदत दिली, कर्ज मिटवायची योजना आणली, त्यावर कशीबशी दोन-तीन वर्षं निघाली. २०१४मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. मग फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. दिरांचा टिप्पर तोवर आंब्याखाली उभा होता, त्याच्या हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडूक झाले होते. शेवटी तो भंगाराच्या भावात गेला.

कोणाची बाजू बरोबर असं मला विचाराल तर खाण जशी चालली होती तशी चालायला नको होती, हे मी दिरांसमोरही म्हणते. होंड्याजवळच्या सोनशी गावात २०१७च्या एप्रिलमध्ये धूळ आणि पाणी यासाठी ट्रक अडवणाऱ्या ४५ गावकऱ्यांना अटक झाली आणि त्यांनी जामीन घ्यायला नकार दिला. त्यांत बायकाही होत्या. शिरगावात खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला आणि गावच्या विहिरी आटल्या. हे सगळं कागदोपत्री आहे. पण ज्यांनी खड्डे खणून अमाप पैसा केला ते निघून गेले आणि दंड भरला तो हप्तेवाल्यांनी, हेही तितकंच खरं आहे. आता डिसेंबर २०२२च्या लिलावानंतर नव्या पट्ट्यांवर काम सुरू होतं आहे. २०२४मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा उत्खनन सुरू झालं. मये, मुळगाव, शिरगावची माणसं म्हणताहेत की आमची घरं, देवळं आणि शेतं पट्ट्याच्या रेषेतून आधी बाहेर काढा. दिरांना कोणीतरी पुन्हा ट्रकचं विचारलं. ते नाही म्हणाले. पुतण्या मात्र गप्प होता.

पाण्याचं दुखणं असं दुहेरी आहे. नदीचं नाव वाळवंटी, पण जुलैत ती बाजारात शिरते. साखळीची पेठ सखल भागात, नदीला लागून. जुने दुकानदार अजूनही किमती माल वरच्या फळीवर ठेवतात. आता काठाला भिंत बांधली आहे आणि नदी चढली की नाल्यांचं पाणी पंपाने उपसून बाहेर टाकतात. आणि हीच नदी वर कुठे अडणार याची धास्ती उन्हाळ्यात असते. म्हादईच्या पाण्याचा वाद तुम्ही वाचला असेल. ऑगस्ट २०१८मध्ये लवादाने कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांना वाटे ठरवून दिले, पण वाद मिटला नाही. वाळवंटी त्याच खोऱ्यातली, आणि दोडामार्ग तालुक्यातल्या विर्डीच्या धरणावर साखळीचं लक्ष असतं ते म्हणूनच. दोडामार्गात माझ्या सासूबाईंचं माहेर. तिथल्या माणसांना पाणी नको असं कोण म्हणेल?

आता अशी गोष्ट, जी वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घराशी थेट जोडलेली असेल. गोव्यात १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा कौटुंबिक बाबतीत आजही चालतो. मुलीला मुलाइतकाच वाटा, बायकोचा नवऱ्याच्या मालमत्तेत सहसा निम्मा हक्क आणि विकताना दोघांची सही. बाईच्या दृष्टीने फार चांगला कायदा, मी त्याची चाहती आहे. फक्त त्याची एक दुसरी बाजू जुन्या घरांत दिसते. आमच्या मूळ घराचा 'एक-चौदा'चा उतारा (आपल्याकडच्या सात-बारासारखा) काढला तर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे. वारसांची मोजदाद केली तेव्हा नवरे-बायका धरून सदतीस माणसं निघाली. काही मुंबईत, काही पुण्यात, दोन दुबईत, एक लंडनमध्ये. छप्पर बदलायला वर्गणी निघते, पण नाव बदलायला सदतीस सह्या लागतात. इन्व्हेंटरी म्हणजे कोर्टातली वाटणी, ती वर्षानुवर्षं चालते. असे कुलूपबंद वाडे साखळी-डिचोलीच्या प्रत्येक गावात आहेत. भिंती शाबूत, वासे वाळवीने पोखरलेले.

घराच्या खालच्या बाजूला जे मुंडकार राहतात त्यांचं दुखणं उलटं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेला. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावून लावता येत नाही आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. पण ते मामलेदाराकडून सिद्ध करून घ्यावं लागतं आणि भाटकाराचे सदतीस वारस शोधायचे कुठे? जमीन नावावर नाही म्हणून घर वाढवायला परवाना नाही, परवाना नाही म्हणून कर्ज नाही. आमच्या मुंडकाराचा मुलगा शिकलेला, नोकरीवाला, लग्नाचा. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, घर स्वतःच्या नावावर आहे का? गेल्या चवथीला माझ्या नवऱ्याने आणि मी आमच्या दोघांच्या ना-हरकतीच्या सह्या त्याला करून दिल्या. सदतीसपैकी दोन. लंडनच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामी, मला कळत नाही मी कशावर सही करतोय." त्याचंही चूक नाही, त्याने ते घर फक्त फोटोत पाहिलेलं.

लंडनवरून आठवलं. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी आहे. दक्षिणेकडे हे फार जुनं, पण आता आमच्याकडची हिंदू घरांतली पोरंही आजोबांचा जन्मदाखला शोधायला लागली आहेत. जे जात नाहीत ते सरकारी नोकरीची वाट बघतात, पंचविशीपासून पस्तिशीपर्यंत. मधल्या काळात कोणी दुधाच्या चार गायी ठेवतो, कोणी पेडण्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर टॅक्सी किंवा मालवाहतुकीत शिरतो. दिरांची मुलगी सरकारी कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि आता एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये जाते. पहाटे साडेपाचला कंपनीची बस. घरात नियमित पगार आणणारी ती पहिली.

जायचं कधी? चैत्रात विठ्ठलापूरचा उत्सव असतो, त्यातलं वीरभद्राचं नाचणं बघण्यासारखं. शिमग्यात या बाजूला घोडेमोडणी. कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत पोरांनी केलेल्या दिव्यांच्या होड्या सोडतात, त्यांची स्पर्धा असते आणि दोन्ही काठ भरलेले असतात. पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा, शेजारी रुद्रेश्वर आणि कातळात कोरलेल्या जुन्या गुहा. पण माझं ऐकाल तर चवथीच्या आधीच्या दोन दिवसांत जा. तेव्हा साखळीच्या बाजारात माटोळीचं सामान येतं. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या लाकडी चौकटीसाठी सत्तरीच्या रानातून बायका कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घड, नाव माहीत नसलेली रानफळं घेऊन पहाटेच येऊन बसतात. एकेका फळाचं नाव विचारा, सांगतील. फळांचा फोटो काढायचा तर काढा, पण आधी काहीतरी विकत घ्या.

नाश्त्याला बाजारातल्या कुठल्याही छोट्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव. मिरची वेगळी मागा. पणजीहून डिचोलीमार्गे साखळीच्या बस मिळतात, म्हापशाहूनही. बेळगावकडून येणार असाल तर चोर्ला घाट पावसात सावकाश उतरा, धुकं दाट असतं. आणि तुमच्यापैकी कोणाचं मूळ घर त्या बाजूला असेल, तर जाण्याआधी वडिलांकडून एक-चौदाचा उतारा मागून घ्या.